बर्फावर बांधणी, ३७ अंशांवर प्रवेश: रिसेप्टर अपटेकचा पहिला प्रयोग नीट कसा करावा

शून्य मिनिटाच्या कव्हरस्लिपवर (पेशी वाढवलेल्या पातळ काचेवर) पेशीच्या पोटात हिरवे ठिपके दिसले, की समजावं: प्रयोग मायक्रोस्कोपखाली नाही, त्याच्या दोन तास आधी टेबलावर बिघडला आहे. प्रयोग असा: पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरना, म्हणजे बाहेरचा रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, हिरवा रंग लावलेलं ट्रान्सफेरिन हे लोह वाहणारं प्रथिन बर्फावर चिकटवायचं, मग पेशी ३७ अंशांना नेऊन ते किती आत जातं (अपटेक) ते बघायचं. शून्य मिनिट म्हणजे ज्या पेशी बर्फावरून उठल्याच नाहीत त्या. त्यांच्या कडेने हिरवी रेघ दिसायला हवी आणि आत काळोख. माझ्या पहिल्या खेपेला आत ठिपकेच ठिपके होते. लेबल चांगलं, पेशी चांगल्या, कागदावरचा प्रोटोकॉलही बरोबर. चूक एवढीच, की धुण्यासाठी घेतलेली पीबीएसची (मिठाच्या फॉस्फेट बफरची) बाटली मी बर्फात ठेवलेली नव्हती, शेल्फवरून उचलली होती. एप्रिल महिना, एसी बंद, खोलीत तीस-बत्तीस अंश. तीनदा धुतलं, दर वेळी मिनिटभर. तेवढ्या वेळात रिसेप्टर आत जाऊन बसले.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी ज्यांना कुणी सांगितलंय, ‘ट्रान्सफेरिन अपटेक करून बघ, सोपं आहे’, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. प्रयोग खरंच सोपा आहे. फक्त यंत्रावर दिसणारं तापमान आणि पेशीला लागणारं तापमान यांत फरक असतो, हे हाताला कळेपर्यंत तो दगा देतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: सरकणं आणि आत जाणं

‘थंडीत मेंब्रेन (पेशीपटल) गोठतं, म्हणून अपटेक थांबतो’ हे वाक्य नव्या विद्यार्थ्यांच्या वहीत हमखास सापडतं. ते अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच पुढे निकालांचा अर्थ चुकीचा लावला जातो.

पेशीपटलातले रिसेप्टर आडवे सरकतात हे १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी फार सुंदर रीतीने दाखवलं. उंदराची पेशी आणि माणसाची पेशी सेंडाई विषाणूच्या मदतीने एकमेकींत विलीन केली. एकीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं हिरव्या रंगाने, दुसरीची लाल रंगाने ओळखता येतील अशी सोय केली. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल. ३७ अंशांवर चाळीस मिनिटांत बहुतेक पेशींमध्ये दोन्ही रंग सगळीकडे मिसळले. तापमान १५ अंशांच्या खाली नेलं तर मिसळणं जवळजवळ थांबलं. पेशीची एटीपी (तिचं ऊर्जेचं चलन) तयार करण्याची यंत्रणा औषधं घालून बंद पाडली, तरी ३७ अंशांवर रंग मिसळतच राहिले. म्हणजे सरकायला पेशीला ऊर्जा खर्च करावी लागत नाही. ते तापमानाच्या धक्क्यांवर चालतं.

इथे खोबरेल तेल आठवणं साहजिक आहे. डिसेंबरात पुण्या-नाशकात बाटली बाथरूममध्ये थिजते आणि उन्हात ठेवली की पातळ होते. एकाच जातीच्या लिपिडचा, म्हणजे पटल ज्या स्निग्ध रेणूंचं बनतं त्यांचा, पडदा तसाच वागतो. डीपीपीसी नावाचं लिपिड ४१ अंशांच्या आसपास एकदम घट्टाचं पातळ होतं, डीएमपीसी २३-२४ अंशांवर. पण जिवंत पेशीच्या पटलात शेकडो तऱ्हेची लिपिडं असतात, शिवाय भरपूर कोलेस्टेरॉल. कोलेस्टेरॉल पातळ पटलाला थोडं आवरतं आणि घट्ट होऊ पाहणाऱ्या पटलाला एकदम थिजू देत नाही. त्यामुळे आपल्या पेशी ४ अंशांवर खोबरेल तेलासारख्या खटकन गोठत नाहीत. पटल दाट होतं, रिसेप्टर संथ होतात, पण पार जागेवर खिळत नाहीत.

केल्विनमध्ये बघा: ४ अंश म्हणजे २७७, ३७ अंश म्हणजे ३१०. फरक जेमतेम बारा टक्क्यांचा. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांवर सगळं अवलंबून असतं, तर थंडीत बारा टक्क्यांचाच फरक पडला असता. त्याहून जास्त फरक पडतो तो पटल दाट झाल्यामुळे. आणि आत जाणं तर जवळपास शून्यावर येतं. कारण आत जाण्यासाठी पटल वाकवावं लागतं, क्लॅथ्रिन या प्रथिनाची जाळी रचावी लागते, डायनॅमिन या दुसऱ्या प्रथिनाने जीटीपी (एटीपीसारखाच ऊर्जेचा रेणू) खर्चून पिशवीची मान कापावी लागते, मग एटीपी खर्चून ती जाळी उतरवावी लागते. ही एकापाठोपाठ एक लागलेली कामं आहेत, आणि त्यांतली बरीचशी एन्झाइमांची. प्रत्येक काम थंडीत मंदावतं आणि ते मंदावणं एकावर एक चढत जातं.

सरकणं आणि हलवलं जाणं यांतला हा फरक १९७१ साली टेलर, डफस, रॅफ आणि दे पेत्रिस यांनी उंदराच्या लिम्फोसाइटवर डोळ्यांनी दिसेल असा दाखवला. पेशीच्या पृष्ठभागावरच्या इम्युनोग्लोब्युलिनला प्रतिपिंड जोडलं. थंडीत लेबल पेशीभोवती कडी करून राहिलं. ३७ अंशांवर काही मिनिटांत ते सगळं एका टोकाला गोळा झालं, डोक्यावर टोपी घालावी तसं, आणि मग आत गेलं. पण ३७ अंशांवरच सोडियम अझाइड घालून ऊर्जा तोडली, तर रिसेप्टरचे छोटे पुंजके झाले, टोपी मात्र झाली नाही. पुंजके सरकण्यातून होतात, टोपी कामातून. तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा. निकालाचा अर्थ लावताना दर वेळी लागेल.

पहिल्या प्रयोगासाठी ट्रान्सफेरिनच का

रक्तातलं ट्रान्सफेरिन लोहाचे दोन अणू वाहून आणतं, रिसेप्टरला चिकटतं, क्लॅथ्रिनच्या खळग्यातून आत जातं. एंडोसोममध्ये (आत आलेला माल आधी जिथे पोचतो त्या कप्प्यात) आम्लता वाढते, लोह सुटतं. लोह उतरवलेलं रिकामं ट्रान्सफेरिन मात्र आम्लात रिसेप्टरला सोडत नाही. त्याच्यासोबत पृष्ठभागावर परत येतं आणि तिथला पीएच ७.४ लागला की सुटून जातं. १९८३ मध्ये हेपजी२ या यकृताच्या पेशींवर हा सगळा फेरा मोजला गेला तेव्हा तो सुमारे १६ मिनिटांचा निघाला. गाडी भरून आली, माल उतरवला, रिकामी परत गेली. दुपारच्या एका बैठकीत पूर्ण फेरा बघता येतो, म्हणून शिकायला हे चांगलं.

बर्फावर बांधायचं आणि मग गरम करायचं ही युक्ती नावारूपाला आली ती डॅलसच्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा कण) रिसेप्टरवरच्या कामामुळे. ४ अंशांवर एलडीएल नुसतं चिकटतं, ३७ अंशांवर झपाट्याने आत जातं. या विभागणीमुळेच त्यांना एका रुग्णाच्या पेशींमध्ये चिकटणं शाबूत आणि आत जाणं बंद, असा दोष ओळखता आला. तापमानाने दोन पायऱ्या सुट्या केल्या नसत्या, तर ‘एलडीएल घेत नाही’ एवढंच कळलं असतं. त्या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आदल्या दिवशीची तयारी

हेला पेशी घ्या. भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांना त्या पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) या संस्थेच्या संग्रहातून मिळतात. (१९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी. फ्लास्क उघडताना ते नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.) चोवीस घरांच्या प्लेटमध्ये १२ मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिप टाकून त्यांवर पेशी पसरा. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून थोडी जास्त जागा भरलेली असेल इतपतच. खच्चून भरलेल्या थरात कडेची रेघ आणि आतले ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत.

एचईके २९३ वापरणार असाल तर कव्हरस्लिपला पॉलिलायसिनचा थर द्याच. या पेशी मुळात सैल चिकटतात, त्यात थंडीने पकड आणखी सुटते. चार वेळा गार पीबीएसने धुतल्यावर काच कोरी झालेली बघून रडू येतं.

त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवायचं: पीबीएस, बाइंडिंग मीडियम (बांधणीचं द्रावण), पॅराफॉर्माल्डिहाइड (पेशी आहे तशी पक्की, म्हणजे फिक्स करणारं रसायन), आम्लाचं बफर. सगळं. प्रयोगाच्या सकाळी बाटली बर्फात रोवून ‘होईल गार’ म्हणू नका. अर्धा लिटरची बाटली गार व्हायला तासाच्या वर लागतो.

बाइंडिंग मीडियममध्ये सीरम नको. २० मिलिमोलर हेपेस बफर आणि थोडं बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन), ०.१ टक्का पुरे. हेपेस कशासाठी? नेहमीच्या मीडियमचा पीएच इन्क्युबेटरमधल्या कार्बन डायऑक्साइडवर टिकतो. प्लेट बाहेर बर्फावर आली की वायू उडून जातो आणि मीडियम गुलाबी-जांभळं होत जातं. तो रंग म्हणजे पीएच चढल्याची खूण. ट्रिस बफर मात्र टाळा. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर फार हलतो, दर अंशाला ०.०२८ च्या आसपास. २५ अंशांवर ७.४ लावलेलं ट्रिस ४ अंशांवर जवळपास ८ होतं. तुम्हाला वाटेल बांधणी तापमानाने बदलली, आणि बदललेला असेल पीएच. हेपेसही हलतो, पण साधारण निम्म्याने. म्हणून पीएच वापरायच्या तापमानालाच लावायची सवय आतापासून लावून घ्या.

पेशींना उपाशी ठेवा

सीरममध्ये गायीचं ट्रान्सफेरिन असतं, आणि पेशींनी आधीच पोटात घेतलेलं ट्रान्सफेरिनही रिसेप्टर अडवून बसलेलं असतं. सीरमविना मीडियममध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवलं की पेशी जुना माल बाहेर टाकतात आणि रिसेप्टर मोकळे होतात. वर फेऱ्याची वेळ सांगितली ती इथे कामाला येते: सोळा मिनिटांचा फेरा, तर तासाभरात तीन-चार फेरे. हे काम बर्फावर करून चालत नाही, कारण बर्फावर फेराच होत नाही. एलडीएलसाठी उपास फार मोठा असतो, एक-दोन दिवस लिपोप्रोटीन काढलेल्या सीरममध्ये, कारण तिथे पेशीला नवे रिसेप्टर बनवायला भाग पाडायचं असतं.

बर्फ म्हणजे काय

चोवीस घरांची प्लेट बर्फाच्या खड्यांवर ठेवली, तर तिच्या तळाशी बर्फ लागतच नाही. प्लेटला खालून कडा असते, घरांचा तळ अधांतरी राहतो, मध्ये हवा. खड्यांमध्येही हवाच. मी एकदा थर्मोकपलची (तापमान मोजणारी) बारीक तार पेशी नसलेल्या, नुसतं पाणी भरलेल्या एका घरात सोडून बघितलं. प्लेट बर्फावर ठेवून पाच मिनिटं झाली होती, आणि आतलं पाणी अजून हाताला कोमट नसलं तरी थंडही म्हणवत नव्हतं. तेव्हापासून ट्रेमध्ये बर्फ आणि पाणी यांचा लगदा करतो, त्यावर ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, आणि कव्हरस्लिप थेट त्या पट्टीवर.

ती अशी: पट्टीवर पॅराफिल्म ताणून लावा. त्यावर लेबल केलेल्या ट्रान्सफेरिनचा ४० मायक्रोलिटरचा थेंब. कव्हरस्लिप चिमट्याने उचलून, पेशींची बाजू खाली करून, अलगद थेंबावर उपडी घाला. काच तरंगते, थेंब पसरतो. वर ओल्या टिश्यूसह झाकण आणि फॉइल, म्हणजे थेंब सुकणार नाही आणि रंग उडणार नाही. महागडं ट्रान्सफेरिन एरवी दर घराला तीनशे मायक्रोलिटर लागतं, इथे चाळीसात भागतं. पण मला याचा खरा फायदा वाटतो तो तापमानाचा. काच फक्त ०.१७ मिलिमीटर जाडीची, थेंब पातळ, खाली धातू. काही सेकंदांत सगळं गार.

थेंब घालण्यापूर्वी पेशी गार मीडियममध्ये पाच-दहा मिनिटं स्थिरावू द्या. पेशी गरम असतानाच लेबल घातलं, तर तिथेच अपटेक सुरू होतो आणि शून्य मिनिट हातचं जातं.

बांधणी

मानवी पेशींसाठी मानवी ट्रान्सफेरिन, लोह भरलेलं, ॲलेक्सा ४८८ हा हिरवा रंग लावलेलं. मिलिलिटरला २५ मायक्रोग्रॅम, बर्फावर अर्धा तास. थंडीत रेणू हळू भेटतात, म्हणून पाच मिनिटांत उरकू नका. तासाच्या पुढेही नेऊ नका. थंडीत मायक्रोट्युब्यूल विरघळतात, पेशी आक्रसू लागतात, आणि मग गरम केल्यावर दिसणारी गती त्या थकलेल्या पेशीची असते.

या टप्प्यावर तीन कंट्रोल हवेत, आणि पहिल्याच प्रयोगात हवेत, पुढच्या वेळी नव्हे. एका कव्हरस्लिपला लेबलच नाही, म्हणजे पेशीची स्वतःची चमक कळेल. एकीला लेबलसोबत शंभरपट बिनरंगी ट्रान्सफेरिन, म्हणजे रिसेप्टर सोडून काचेला किंवा कुठेही चिकटलेला भाग कळेल. आणि एक जोडी कधीही गरम न केलेली: तिच्यातली एक आम्लाने धुतलेली, एक न धुतलेली. या जोडीवर पुढचं सगळं गणित उभं आहे.

मग गार पीबीएसने तीनदा धुणं. पीबीएस बर्फात रोवलेलं. पुन्हा सांगतो आहे, कारण माझा प्रयोग इथेच गेला.

३७ अंश: घड्याळ कधी सुरू करायचं

बहुतेक प्रोटोकॉलांत लिहिलेलं असतं, ‘प्लेट ३७ अंशांवर हलवा’. नवखा माणूस प्लेट उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवतो आणि टायमर दाबतो. इन्क्युबेटरमध्ये असते हवा, आणि हवा उष्णता फार हळू पोचवते. गार प्लेट तिथे तापायला दहा मिनिटं सहज जातात. तोवर पेशी ४, मग १०, मग २० अंशांतून जात असतात. तुमचं ‘दोन मिनिट’ म्हणजे पेशीचं शून्य, आणि तुमचं ‘दहा मिनिट’ म्हणजे कदाचित दोन. आलेख सुरुवातीला सपाट दिसतो आणि लोक त्यावर ‘लॅग फेज’ असं लिहितात. तो पेशीचा नसतो, प्लास्टिकचा असतो.

त्यापेक्षा असं करा. वॉटर बाथमध्ये एक बीकर अडकवून त्यात मीडियम ३७ अंशांवर आणून ठेवा. बाथच्या आकड्यावर विसंबू नका, बीकरमध्ये थर्मामीटर बुडवा. कव्हरस्लिप चिमट्यात धरा, कडेचं पाणी टिश्यूवर निथळा आणि बीकरमध्ये बुडवून छोट्या रॅकवर उभी करा. त्या क्षणी टायमर. पातळ काच भरपूर पाण्यात बुडाली की लगेच ३७ ला येते. वेळ झाली की उचलून बर्फाच्या पीबीएसच्या बीकरमध्ये. तिथेही तसंच लगेच थांबतं. दोन बीकर, एक चिमटा, आणि बाजूला उभं राहून सेकंद मोजणारा मित्र असेल तर उत्तम. मीडियममध्ये बिनरंगी ट्रान्सफेरिन घालून ठेवा, म्हणजे परत आलेलं रंगीत ट्रान्सफेरिन सुटल्यावर पुन्हा चिकटून दुसऱ्या फेऱ्याला निघणार नाही.

वेळा: २, ५, १० आणि २० मिनिटं. पेशी ३७ अंशांच्या असतील तरच ३७ म्हणा, हेही लक्षात असू द्या. झेब्राफिशच्या पेशी २८ अंशांवर वाढतात, ड्रोसोफिलाच्या एस२ पेशी २५ वर. त्यांना ३७ म्हणजे ताप. उष्णता नेहमी वेगच वाढवते असंही नाही. ड्रोसोफिलाचा शिबिरे नावाचा म्युटंट साध्या तापमानाला बरा उडतो. २९-३० अंशांवर नेला की काही मिनिटांत लुळा पडतो, कारण त्याचं डायनॅमिन तापमानाला टिकत नाही आणि चेतापेशींमध्ये पिशव्या पटलापासून तुटेनाशा होतात. गार केलं की माशी पुन्हा उठते. डायनॅमिन नेमकं काय करतं हे कळायला या माशीची फार मदत झाली.

आम्लाचं धुणं, आणि ट्रान्सफेरिनची अडचण

आत गेलेलं मोजायचं तर बाहेर राहिलेलं काढून टाकलं पाहिजे. ईजीएफसारख्या (पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन) लिगँडला, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूला, आम्लाचं एकच धुणं पुरतं. मिठाच्या कडक द्रावणातलं ॲसेटिक ॲसिड, पीएच २.५ च्या आसपास, बर्फावर पाच मिनिटं, की बांधणी सुटते. तेच तंत्र सौम्य आम्ल घेऊन ट्रान्सफेरिनला लावलं तर फसगत होते. आम्लात लोह सुटतं, पण रिकामं ट्रान्सफेरिन आम्लातच रिसेप्टरला घट्ट धरून बसतं, एंडोसोममध्ये धरतं तसंच. आम्लात धुऊन तसंच फिक्स केलंत, तर पृष्ठभाग हिरवाच राहील.

म्हणून दोन पावलं. आधी पीएच ४.५ च्या आसपासचं थंड बफर, त्यात लोह पकडून ठेवणारं डेफेरॉक्झामिन (थॅलेसेमियाच्या रुग्णांना साठलेलं लोह काढायला देतात तेच), पाच मिनिटं. मग पीएच ७.४ चं थंड पीबीएस, पाच मिनिटं. लोह गेलेलं ट्रान्सफेरिन ७.४ लागताच सुटतं. हे दोन्ही पुन्हा एकदा. पेशीच्या पोटात सोळा मिनिटांत जे घडतं, ते आपण पृष्ठभागावर बफरच्या दोन बाटल्यांनी घडवून आणतो. मला या प्रयोगातली ही सगळ्यांत देखणी जागा वाटते. सगळं बर्फावरच. किती मिनिटं आणि किती वेळा, हे तुमच्या पेशींवर न तापवलेल्या जोडीने तपासून ठरवा. न धुतलेल्या कव्हरस्लिपच्या मानाने धुतलेलीवर दहा टक्क्यांहून कमी उरलं पाहिजे. जास्त उरत असेल तर पुढे जाऊ नका. आधी हे सोडवा.

फिक्स करतानाही घाई नको. पॅराफॉर्माल्डिहाइड ४ टक्के, पहिली दहा मिनिटं बर्फावर, मग दहा मिनिटं बाहेर. फिक्सेटिव्ह क्षणात पकडत नाही. ते गरम ओतलंत, तर पकडेपर्यंतच्या सेकंदांत पेशी काम करत राहते आणि दोन मिनिटांच्या कव्हरस्लिपवर त्याचा परिणाम दिसतो. फ्यूम हूडमध्ये करा.

मोजणी

सगळ्या कव्हरस्लिपचे फोटो एकाच एक्स्पोजरवर घ्या. एक्स्पोजर सर्वांत उजळ कव्हरस्लिपवर ठरवा, नाहीतर तिचा प्रकाश छाटला जाईल. पेशीमागे चमक मोजा आणि लेबल नसलेल्या कव्हरस्लिपची चमक सगळ्यांतून वजा करा.

समजा, न तापवलेली आणि न धुतलेली १००० एकक. न तापवलेली पण धुतलेली ६०. पाच मिनिटं तापवून धुतलेली ६४०. मग आत गेलेला भाग: ६४० वजा ६०, भागिले १००० वजा ६०. म्हणजे ५८० भागिले ९४०, सुमारे ६२ टक्के. ते ६० दोन्हीकडून वजा करायला विसरलात तर ६४ येतील. फरक छोटा वाटतो, पण दोन मिनिटांच्या बिंदूवर तोच मोठा होतो.

वीस मिनिटांचा आकडा दहा मिनिटांच्या आकड्यापेक्षा कमी आला तर घाबरू नका. तोवर पहिली खेप माल उतरवून परत बाहेर गेलेली असते, आणि बाहेर गेलेलं ट्रान्सफेरिन मीडियममध्ये वाहून जातं. आलेख चढतो आणि उतरतो. उतरलाच नाही, तरच काहीतरी बिघडलं आहे: बहुधा मीडियममध्ये बिनरंगी ट्रान्सफेरिन घालायचं राहिलं.

अधलीमधली तापमानं

४ आणि ३७ जमलं की मगच १०, १६, २२, ३० करा. दर तापमानाला वेगळा बीकर आणि बीकरमध्ये बुडवलेलं थर्मामीटर. १० च्या खाली आत जाणं जवळजवळ नाहीच. त्यापुढे ते वाढू लागतं. पहिल्या काही मिनिटांचाच चढ घ्या, त्याचा लॉगरिदम आणि केल्विनमधल्या तापमानाचा व्यस्त अशी रेघ काढा. ती एकसंध सरळ न येता वाकलेली दिसली, तर लगेच ‘मेंब्रेनचं फेज ट्रान्झिशन’ असं लिहू नका. आत जाण्याच्या साखळीतली मंद कडी एका तापमानाला एक आणि दुसऱ्याला दुसरी असली, तरीही रेघ वाकते. पटलाबद्दल बोलायचं असेल तर पटलच मोजा: लेसरने छोटा भाग विझवून तो पुन्हा उजळायला किती वेळ लागतो ते बघणारी फ्रॅप पद्धत त्याच तापमानांना करा, आणि मग दोन्ही रेघा शेजारी ठेवा.

१६ ते २० अंशांची एक खास गंमत आहे. १९८० साली डन, हबर्ड आणि ॲरॉन्सन यांनी उंदराच्या यकृतातून द्रव खेळता ठेवून बघितलं, की २० अंशांखाली असायलोफेट्युइन हे प्रथिन पेशी आत घेत राहतात, पण ते लायसोसोमपर्यंत (पेशीतल्या पचनाच्या कप्प्यापर्यंत) पोचून पचत नाही. म्हणजे दार उघडं राहतं, पण आतला पुढचा रस्ता बंद होतो. आज कितीतरी प्रयोगशाळा माल एंडोसोममध्ये अडवून ठेवायला मुद्दाम १६-१८ अंशांवर पेशी ठेवतात आणि मग ३७ वर सोडून तिथून पुढचा प्रवास बघतात. ट्रान्सफेरिनने मात्र हे दिसणार नाही, कारण ते मुळात लायसोसोमकडे जातच नाही. त्यासाठी ईजीएफ किंवा एलडीएल घ्या, लायसोसोमची लॅम्प१ ही खूण लाल रंगात लावा. १६ अंशांवर हिरवे ठिपके लालपासून वेगळे राहतील. ३७ वर अर्धा-पाऊण तास दिला की ते लालवर चढत जातील.